तबेल्यात पुस्तकांची पेटी ठेवली आहे, आत काय काय असावं? (नागपूर, हौशी रायडिंग)

रविवारची_स्वार

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, सवडीने वाचा.

मी नागपूरची, बँकेत नोकरी, गेल्या दीड वर्षापासून शनिवार-रविवार पहाटे काटोल रोडकडे एका ठिकाणी घोडेस्वारी शिकून राहिली आहे. आता आमचा बारा-तेरा जणांचा ग्रुप झालाय, इंजिनिअरिंगची पोरं आहेत, एक डेंटिस्ट बाई, दोन शाळकरी मुली, एक रेल्वेतून रिटायर झालेले काका. आठवड्यात घोड्यावर मिळतात मोजून दोन तास, त्यातही मे महिन्यात साडेसात वाजले की ऊन टोचायला लागतं आणि खाली उतरावं लागतं, मग बाकीचे पाच दिवस डोक्यात तेच चालू, ट्रॉटमध्ये, म्हणजे दुडक्या चालीत, मी खोगिरावर आपटते का, घोडा डावीकडे वळताना खांदा आत का टाकतो, असं सगळं. त्यातून वाचायची सवय लागली. ग्रुपवर सगळे पीडीएफ टाकतात आणि उघडत कोणीच नाही, शेवटी रेल्वेवाले काका म्हणाले की पत्र्याची एक पेटी आणतो, खोगीरं ठेवतो त्या खोलीत ठेवू, ज्याच्याकडे जे पुस्तक असेल ते त्यात टाका, घरी न्या, वाचा, परत आणा.

पेटी आली. आत सध्या काय आहे ते सांगते. ॲना स्युएलचं ब्लॅक ब्युटी, माझं शाळेपासूनचं. पोनी क्लबचं एक जुनं मॅन्युअल, बर्डीच्या फुटपाथवर ८० रुपयात मिळालं, कव्हर गेलेलं. सॅली स्विफ्टचं सेंटर्ड रायडिंग, डेंटिस्ट बाईंनी भावाकडून मागवलेलं. आणि दोन्ही मुलींनी केलेली एक कात्रणवही, २०२३ मध्ये हांगझोऊच्या एशियाडला आपल्या टीमने ड्रेसाजचं, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध हालचालींच्या स्पर्धेचं, गोल्ड घेतलं ना, अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि आपल्या शेजारच्या इंदूरची सुदीप्ती हजेला, त्यांचे फोटो, मुलाखती सगळं चिकटवलंय. १९८२ नंतर घोडेस्वारीतलं पहिलंच एशियाड गोल्ड होतं ते. मुली ती वही घरी न्यायला कोणाला देत नाहीत, तिथेच बसून पाहायची.

आता अडचण. मॅन्युअलमध्ये सगळं हिरव्या कुरणाचं, घोडा चरायला सोडा, गवत जास्त खाऊ देऊ नका, बर्फात नाल कशी मारावी. आपल्याकडे कुटार म्हणजे वाळका भुसा, आणि काळी माती. मराठीत तर काहीच सापडून नाही राहिलं.

पण मला खरं विचारायचंय ते वेगळंच आहे. आमचे सईस मामा, म्हणजे घोडे सांभाळणारे, साठीच्या पुढचे, वडीलही सईसच होते. आम्ही पेटीभोवती बसलो होतो तर ते खरारा हातात घेऊन आले, मॅन्युअल उलटसुलट करून पाहिलं, चित्रं पाहिली आणि म्हणाले, "ताई, याच्यात माह्या कामाचं काय लिवलं आहे ते सांगा न." मामा मराठी सावकाश वाचतात, इंग्रजी नाही. मी काहीतरी बोलले पण नीट उत्तर देता आलं नाही आणि ते मनात अडकून बसलंय. ज्यांच्या हातात घोडे चोवीस तास असतात त्यांच्यासाठी पेटीत एकही पान नाही हे बरोबर वाटत नाही. काय ठेवू सांगा.

---

कुटार_चंदी

ताई तुमचा प्रश्न आवडला. पहिलं पुस्तक विचार न करता सांगतो, झेनोफनचं घोडेस्वारीवरचं. अथेन्सचा माणूस, स्वतः घोडदळातला, ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहिलंय म्हणजे झाली की तेवीसशे वर्षांच्या वर. लहानसं आहे, दोन संध्याकाळीत होतं. मॉर्गन नावाच्या प्रोफेसरचं १८९३ चं इंग्रजी भाषांतर आहे, कॉपीराइट केव्हाच संपलाय, फुकट आणि कायदेशीर मिळतं, प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून पेटीत टाका.

त्या काळी रिकीब नव्हती, आजचं खोगीर नव्हतं, तरी माणूस जे सांगतो ते उद्या सकाळी कामात येतं. घोडा पाहायला गेलात तर आधी पाय पाहा म्हणतो, पाया कच्चा असेल तर वरचं घर किती का सुंदर असेना, उपयोग काय. आणि तबेल्याबाहेर हातात मावतील एवढे गोल दगड अंथरा, घोडा त्यावर उभा राहिला की खूर आपोआप घट्ट होतात. मी हे वाचलं तेव्हा आमची घोडी, आम्ही तिघा मित्रांत मिळून एक ठेवली होती वाडीकडे, ती पावसाळ्यात काळ्या मातीच्या चिखलात उभी राहून राहून मागच्या दोन्ही खुरांनी बिघडली होती. खुराच्या मधला जो मऊ त्रिकोणी भाग असतो तो काळा पडून घाण वास मारायचा. नालबंदाने साफ केलं, औषध लावलं, पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. मग एक ट्रॉली कन्हानचे गोटे आणून पाणी पाजायच्या जागेभोवती पसरले आणि रोज संध्याकाळी खूर खरवडायचा नेम धरला. दिवाळीपर्यंत खूर पाहण्यासारखे झाले. नालबंदाला सांगितलं की हे दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं आहे तर तो म्हणे, माह्या आजोबालेही माहीत होतं, तुम्ही विचारलं काहून नाही.

अजून एक, रागात असताना घोड्याजवळ जाऊ नका, हे तो अगदी स्पष्ट लिहून ठेवतो. मी ते मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दाराला लावलं होतं. माझा स्वतःचाच राग त्या दाराशी दोन-तीनदा थांबलेला आहे.

मामांसाठी हे पुस्तक. वाचून दाखवा, मराठी करत करत.

---

टाच_खाली

मी सेंटर्ड रायडिंगबद्दल बोलते कारण तुमच्या पेटीत ते आहे आणि बहुतेक लोक ते चुकीच्या पद्धतीने वाचतात, मीही वाचलं. मी एकदा सलग वाचून काढलं, कादंबरीसारखं, आणि घोड्यावर बसले तर काही म्हणजे काही फरक नाही. नंतर कळलं की हे शुक्रवारी रात्री एक पान वाचायचं आणि शनिवारी फक्त तेवढंच करायचं असं पुस्तक आहे.

सॅली स्विफ्टचा जन्म १९१३ चा, लहानपणापासून पाठीचा कणा वाकडा, त्यामुळे शरीर कसं धरायचं याचा विचार तिला जन्मभर करावा लागला, आणि १९८५ ला पुस्तक आलं तेव्हा सत्तरी ओलांडलेली होती. चारच गोष्टी मुख्य आहेत, मऊ नजर, श्वास, पोटातलं केंद्र, आणि कान-खांदा-कंबर-टाच एकाखाली एक ठोकळ्यांसारखे रचणं. मऊ नजर म्हणजे घोड्याच्या कानांकडे टक लावून न पाहता समोरचं सगळं मैदान एकदम डोळ्यात घ्यायचं. मला हे एक पान जमायला तीन आठवडे लागले आणि ज्या दिवशी जमलं त्या दिवशी घोडी सर्कलवर आत पडायची थांबली, कारण मी मान खाली घालून बसते तेव्हा माझं वजन आत पडतं आणि ती बिचारी त्या वजनाखाली जाते, एवढंच होतं ते.

पेटीबद्दल माझी एक कळकळीची सूचना. पुस्तकात पेन्सिलने लिहू द्या. लोक म्हणतील पुस्तक खराब होतं, होऊ द्या. प्रत्येकाने समासात तारीख आणि घोड्याचं नाव टाकून लिहायचं. माझं पुस्तक आमच्या इथे पाच जणी वाचतात, श्वासाच्या पानावर एकीने लिहिलंय, "चंद्री नुसता श्वास सोडला तरी थांबते, लगाम ओढू नका", आणि त्याखाली दुसरीने, "बादलवर नाही चालत, आधी त्याला दोन फेऱ्या चालू द्या." हे जगात दुसऱ्या कुठल्या पुस्तकात मिळेल? नवीन मुलगी येते तेव्हा मी तिला आधी समास वाचायला सांगते.

---

गुरांचा_डॉक्टर

मी पशुवैद्य आहे, सेमिनरी हिल्सच्या कॉलेजातूनच शिकलो. दोन गोष्टी सांगायच्या आहेत आणि त्यातली पहिली फार महत्त्वाची.

कुणीतरी तुम्हाला हेजचं व्हेटरिनरी नोट्स फॉर हॉर्स ओनर्स सुचवेलच, सुचवायलाही पाहिजे. कॅप्टन होरेस हेज हा इंग्रज फौजेतला अधिकारी, हिंदुस्थानात राहिलेला, इथल्या घोड्यांवर त्याने बरंच लिहिलं. या पुस्तकाची पहिली आवृत्ती १८७७ ची, म्हणजे तुमचं ब्लॅक ब्युटी आलं त्याच वर्षीची. पण त्याच्या जुन्या आवृत्त्या फुकट मिळतात म्हणून त्या पेटीत ठेवून त्यातून औषधं करू नका. त्या काळच्या पारा आणि आर्सेनिकच्या मात्रा आहेत, आज त्याने घोडा मरेल. नंतरच्या लोकांनी पूर्ण नव्याने लिहिलेल्या आवृत्त्या आहेत, वर्गणी करून त्यातली एक घ्या. जुनी ठेवायचीच तर पहिल्या पानावर लाल अक्षरात लिहा की उपचारासाठी नाही.

दुसरं, कुरण आणि कुटार. तुमचं म्हणणं खरं आहे, तिकडची पुस्तकं जास्त गवत खाल्ल्याने काय होतं त्यावर पानंच्या पानं देतात आणि आपल्याकडे अडचण उलट, वाळकं कुटार, भिजवलेला हरभरा आणि गव्हाचा कोंडा. कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम कमी, वर्षानुवर्षं कोंडाच कोंडा दिला की शरीर हाडातलं कॅल्शियम काढून घेतं, जबडा सुजल्यासारखा दिसतो, चाल बिघडते. चांगल्या पुस्तकात हे प्रकरण असतं, पण आपण कुरण-कुरण वाचून कंटाळतो आणि तिथपर्यंत जातच नाही. लसूणघास थोडा वाढवा, कोंडा कमी करा, किती ते तुमच्या डॉक्टरला घोडा दाखवून ठरवा. उन्हाळ्याचंही तसंच आहे, उष्ण दमट हवेत काही घोड्यांचा घाम यायचाच बंद होतो, कातडी कोरडी आणि श्वास धापा टाकल्यासारखा, ते प्रकरण पेटीतल्या प्रत्येकाने वाचलेलं असावं.

आणि मामांसाठी एक पान मराठीत स्वतः लिहून भिंतीवर लावा. शांत उभ्या मोठ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६, ताप ३७.५ ते ३८.५ सेल्सियस. घोड्याला उलटी करता येत नाही, म्हणून पोट दुखलं की थांबून पाहायचं नाही. पुढच्या पायाने जमीन उकरतोय, वळून कुशीकडे पाहतोय, लोळतोय, लीद बंद आहे, यातलं काहीही दिसलं की समोरचा चारा काढा आणि डॉक्टरला फोन. हे एक पान अर्ध्या पेटीच्या तोलाचं आहे.

---

पीडीएफ_भंडार

माझ्याकडे रायडिंगच्या नव्या-जुन्या साठेक पुस्तकांचं स्कॅन फोल्डर आहे, मेसेज करा, लिंक देतो सगळ्यांना.

---

टाच_खाली

भाऊ, जुन्या, कॉपीराइट संपलेल्यांचं द्या, आनंदाने घेऊ. नवीनचं नको. ही पुस्तकं फार कमी खपतात, लिहिणारे बहुतेक आपल्यासारखेच सकाळी तबेल्यात लीद काढणारे लोक आहेत. बारा जणांनी मिळून एक प्रत घेतली तर एकाच्या वाट्याला दोन प्लेट तर्री पोह्यांचे पैसे येतात.

---

पीडीएफ_भंडार

पटलं. जुनी वेगळी करून देतो. रविवारी बसतो त्या कामाला.

---

पागेतला_बारगीर

मराठीत काही नाही असं म्हणू नका ताई, आहे, फक्त ते घोडेस्वारीच्या कपाटात ठेवलेलं नसतं, इतिहासाच्या कपाटात असतं. मी इतिहासाचा हौशी वाचक आणि अधूनमधून घोड्यावर बसणारा, दोन्ही आवडी एकत्र आल्या तेव्हा हे हाती लागलं म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कृष्णाजी अनंत सभासदाची बखर घ्या. जिंजीला राजाराम महाराजांच्या काळात लिहिलेली, लहान आहे, भाषा एकदा कानात बसली की पळते. त्यात पागेची रचना दिलीय. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमले म्हणजे हजारी. आणि त्यात मला थांबवणारी गोष्ट ही की दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालवाला आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि खूर. झेनोफनने पायापासून सुरुवात केली आणि आपल्या पागेनेही तिथूनच केली. आज किती ठिकाणी पंचवीस घोड्यांमागे एक पक्का नालबंद आहे सांगा. नागपुरात तर एकाच नालबंदाची वाट तीन-तीन तबेले पाहत असतात.

शिलेदार आणि बारगीर हा फरकही मुलांना सांगा, स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार आणि पागेच्या घोड्यावर बसणारा तो बारगीर. तुम्ही आम्ही रविवारवाले सगळे बारगीर झालो, म्हणून मी हे नाव घेतलंय आणि मला त्याचा अभिमान आहे.

पण पेटीत एकच मराठी कागद ठेवायचा असेल तर तो शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदार-कारकुनांना लिहिलेलं पत्र. १६७० च्या दशकातलं. महाराजांच्या पत्रांच्या चांगल्या संकलनात मिळेल. लोक ते रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका या एका ओळीसाठी सांगतात, भाषणात वापरतात, आणि बाकीचं पत्र सोडून देतात. बाकीचं पत्र सगळं तबेल्याचं आहे हो! पावसाळा तोंडावर आहे, दाणा-गवत साठवलंय ते आत्ताच बेहिशेबी उधळलं तर ऐन पावसात मिळणार नाही, घोडी उपाशी पडतील, मरायला लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल. पुढे आगीचं. कोणी स्वयंपाक करेल, कोणी शेकोटी करेल, कोणी तंबाखूसाठी विस्तव नेईल, वारा सुटलाय, गवत पडलंय याचं भान न ठेवता, आणि एका खणाला आग लागली की सगळे खण जातील. रात्री दिवा ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेईल. राज्य चालवणारा माणूस उंदराने वात नेण्यापर्यंत विचार करतो. ज्याने स्वतः गवताची गंजी आणि रात्रीचा तबेला पाहिलाय त्यालाच हे सुचतं.

मामा मराठी वाचतात ना, त्यांना हे द्या. जुनी भाषा अडेल तिथे तुम्ही सांगा. त्यांच्या कामाचं काय लिहिलंय हे त्यांनी विचारलं, तर सगळंच त्यांच्या कामाचं आहे.

ज्यांना आणखी मागे जायचंय त्यांच्यासाठी मानसोल्लास, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा, ११२९ च्या सुमाराचा संस्कृत ग्रंथ, त्यात घोड्यांची पारख आणि घोड्यावरून चेंडू खेळणंसुद्धा आहे. मात्र पेटीत आत्ताच नको, जाड आहे, पडून राहील. आणि एक शब्द जाता जाता, खोगीरभरती. आपण भाषणाला, निबंधाला म्हणतो. मूळ अर्थ खोगिरात भरायच्या चिंध्या. एकदा आमचं जुनं खोगीर उसवलं होतं आणि आतून पोत्याचे तुकडे, लोकर, कुणाच्या तरी सदऱ्याची बाही निघाली, तेव्हा हा शब्द मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. त्या भरतीचा एक गोळा एका बाजूला सरकलेला होता आणि बरोबर तिथेच घोड्याच्या पाठीला फोड होता. खोगिराची भरती दर मोसमात हात घालून तपासा.

---

माझे_गुरू

अलोइस पोडहाय्स्कीचं माय हॉर्सेस, माय टीचर्स ठेवा. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलचे प्रमुख होते, १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये नीरो नावाच्या घोड्यावर ब्राँझ मिळवलेलं. त्यांचं शिकवणीचं जाड पुस्तक वेगळं आहे, ते आत्ता नको, जड जाईल. यात कोणत्या घोड्याने आपल्याला काय शिकवलं ते सांगत जातात, ऑलिंपिकचा माणूस स्वतःच्या चुका घोड्याच्या बाजूने मांडतो. त्या दोन मुलींना नक्की आवडेल.

---

रविवारची_स्वार

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. कालचा रविवार सांगते.

बारगीर दादा, तुम्ही सांगितलेलं पत्र रेल्वेवाल्या काकांच्या घरी एका संकलनात निघालं, त्यांनी वहीवर मोठ्या अक्षरात उतरवून आणलं. राइड झाल्यावर घोडे धुऊन झाले, मामा बादली उलटी करून बसले, आम्ही सगळे चाऱ्याच्या खोलीच्या पायरीवर. काकांनी वाचायला सुरुवात केली. पहिली दोन-तीन वाक्यं मामांना समजली नाहीत, मग एकदम कान लागला, आणि दाणा-गवत आत्ताच संपवाल तर पावसात काय घालाल तिथे आले तेव्हा मामा जोरात "बरोबर" म्हणाले. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आठ दिवस कुटाराची गाडी आली नव्हती, रस्ता बंद होता, आणि मामांनी मे मध्येच सांगितलं होतं की साठा वाढवा. तेव्हा आम्हा कोणालाच ते ऐकू आलं नव्हतं. काल सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

मग उंदराची वात आली. मामा उठले, काही न बोलता चाऱ्याच्या खोलीत गेले आणि कोपऱ्यात पेटलेली मच्छर अगरबत्ती घेऊन बाहेर आले. मातीच्या ताटलीत ती रोज रात्री तिथे असते, कुटाराच्या थप्पीपासून दोन हातांवर. ती त्यांनी आमच्यासमोर पाण्यात बुडवली. म्हणाले, "चाळीस वर्षं झाले हे काम करून, कोणं सांगितलं नाही. आज राजानं सांगितलं."

त्यानंतर मी काय लिहू. पत्र लॅमिनेट करून चाऱ्याच्या खोलीच्या दाराला लावतोय. डॉक्टरसाहेब, तुमचं पानही शेजारीच. डेंटिस्ट बाईंनी स्टेथोस्कोप आणला होता, मामांनी स्वतः तीन घोड्यांचे ठोके मोजले, ३२, ३६, ३४.

टाच_खाली, पेन्सिल दोरीने पेटीच्या कडीला बांधली आहे.

---

सहावी_ब

वाचून अंगावर काटा आला ताई. मी शाळेत मराठी शिकवते, घोड्यावर वर्षभरापासून बसते.

तुम्ही आता मामांना वाचून दाखवताय, तर तसंच दुसऱ्या बाजूनेही करा. एक कोरी दोनशे पानी वही पेटीत ठेवा आणि मामा सांगतील ते मराठीत, त्यांच्याच शब्दात लिहा. आमच्या इथल्या म्हाताऱ्या सईसबाबांकडून मी सहा महिने लिहून घेतलं. रंगच किती, कुमैत, मुश्की, नुकरा, सब्जा, अबलख, पंचकल्याणी. घोड्याच्या डॉक्टरला ते सालोतरी म्हणायचे, आणि मी शोधलं तर तो शब्द थेट शालिहोत्रापासून आलेला, घोड्यांच्या वैद्यकाचा आपला जुना आचार्य. सईसबाबांना शाळा माहीत नाही पण तो शब्द त्यांच्या तोंडात जिवंत होता. सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा कसा पारखतात, देवमण म्हणजे शुभ मानलेला केसांचा भोवरा कुठे असावा, कुठला भोवरा खोड मानतात, हे सगळं त्यांनी सांगितलं. मी वहीत दोन भाग केले, एकात त्यांचे विश्वास, दुसऱ्यात त्यांनी हाताने केलेली कामं. उदाहरणार्थ थकून आलेल्या घोड्याच्या कानाचं मूळ हाताने चाचपून पाहणं, तंग म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा एकदम न कसता तीन वेळा थांबून कसणं. दुसरा भाग नवीन मुलांना पाठ करायला देते. सईसबाबा गेल्या हिवाळ्यात गेले. वही आहे.

आणि एक गोष्ट वाचून दाखवायला. चेखॉव्हची १८८६ ची कथा आहे, पीटर्सबर्गच्या बर्फात घोडागाडी हाकणारा म्हातारा, त्याचा मुलगा वारलाय, दिवसभर प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायला पाहतो, कोणीच ऐकत नाही, शेवटी रात्री तबेल्यात आपल्या घोडीला सगळं सांगतो. चार-पाच पानांची आहे. मी आमच्या इथे वाचली तेव्हा बराच वेळ कोणी उठलं नाही. मामांसमोर वाचाल तर सावकाश वाचा.

---

गुरांचा_डॉक्टर

भोवऱ्यांवरून घोड्याची तब्येत कळत नाही, एवढं वहीत खाली माझ्याकडून लिहून ठेवा. पण कानाच्या मुळाशी हात लावणं आणि तंग टप्प्याटप्प्याने कसणं, हे दोन्ही मी विद्यार्थ्यांना शिकवतो. वहीची झेरॉक्स मिळाली तर आमच्याकडे वाचून दाखवीन.

---

कुटार_चंदी

ताई, तुमचा नालबंद कोण आहे त्यालाही एक रविवार बोलवा. आणि त्या वहीत त्याचंही एक पान असू द्या, कुठल्या घोड्याची नाल कोणत्या तारखेला, कोणता पाय आधी झिजतो. त्याच्या डोक्यात सगळं आहे, कागदावर काहीच नाही.

---

रविवारची_स्वार

सहावी_ब ताई, वही आजच घेतली, दोनशे पानी, निळं कव्हर. पहिल्या पानावर काय लिहायचं मामांना विचारलं तर थोडा वेळ विचार करून म्हणाले, आधी घोड्यांची नावं लिवा, मंग पुढचं. तर तीच लिहिली, अकरा घोडे, रंग आणि अंदाजे वय, वयं मामांनी दात पाहून सांगितली. कुटार_चंदी दादा, नालबंद पुढच्या रविवारी नऊला येतो म्हणालाय, चिखलाच्या जागेसाठी गोट्यांचं पण त्याच्याशी बोलते. कन्हानची ट्रॉली कितीला पडते आणि कुणाला फोन करायचा तेवढं मेसेज करा, पाऊस लागायच्या आत टाकून घेऊ.